ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

अलिनाचा मेसेज आला तेव्हा मुझफ्फर परकार जुम्म्याच्या नमाजसाठी आंघोळ करून कुर्त्याची बटणं लावत होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मेसेज असा होता:

‘आत. सगळ्यात वरच्या लिफ्टवरून उतरून डावीकडे, लाकडी कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून खाली. सोबत दोघं, पोलिश नवरा-बायको, काल ओळख झाली. बीपर चालू. बाहेर सव्वाबाराला, तुमच्या घड्याळाने. परमिट देणाऱ्या साहेबांना सलाम.’

खाली फोटो. लाकडी खांब, आणि खांबापलीकडे नुसतं पांढरं. त्यावर कुणाच्या पायाचा, पाटीचा, कशाचाही माग नव्हता.

मुझफ्फरने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. फरजाना तव्यावर झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, टाकत होती, तेल तडतडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. मग त्याने दोनच शब्द टाइप केले, ‘जा. सव्वाबारा.’ आणि फोन खिशात टाकला. चोरासारखा टाकला, खोटं कशाला बोला! बायकोपासून लपवून मुलीला मरणाच्या उतारावर सोडणारा बाप दुसरं काय करणार?

आता हे ‘आत’ आणि ‘बाहेर’ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

परकारांच्या कुवेतमधल्या, अब्बासियातल्या फ्लॅटमध्ये दाराच्या आतल्या बाजूला प्लायवूडची एक फळी आहे. तिला चार खिळे आणि खाली एक स्टीलचं वाडगं. टॅगही चार, लाल प्लास्टिकचे. एक नंबर मुझफ्फरचा, दोन फरजानाचा, तीन अलिनाचा, चार धाकट्या जिब्रानचा. घराबाहेर पडताना आपला टॅग खिळ्याला लावायचा, परत आलं की काढून वाडग्यात टाकायचा. वर मार्करने लिहिलंय, ‘होलवॉच : मु. परकार’. पाहुणे हसतात. हसू देत. शुऐबाच्या कारखान्यांत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

शुऐबात टाकी साफ करायची असली की माणसं एका गोल तोंडातून आत उतरतात. आत अंधार, वाफ, आणि कधीकधी असा वायू, की दोन श्वासांत माणूस बसल्या जागी झोपतो. म्हणून तोंडाशी एक माणूस बसवतात, तो होलवॉच. त्याने दुसरं काही करायचं नाही, कोण आत गेला नि कोण बाहेर आला एवढंच बघायचं. आत जाणारा स्वतःच्या हाताने टॅग लावतो, बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बापाने नाही, भावाने नाही, साहेबाने तर मुळीच नाही. मुझफ्फरने हे काम अकरा वर्षं केलं. पुढे सेफ्टी सुपरवायझर झाला, परमिटवर सह्या करायला लागला, पण मनाने तो टाकीच्या तोंडाशीच बसलेला राहिला. त्याला कारणही होतं. ते पुढे येईल.

अलिना ही थोरली. वय चोवीस, रुमैथियात एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वळवते. जन्म कुवेतचा, वाढली कुवेतमध्ये, बर्फ म्हणजे तिच्या लेखी मॉलमधली थंड खोली. त्याच खोलीत ती पहिल्यांदा त्या पाटीवर उभी राहिली, स्नोबोर्डवर, आणि तिथंच सगळं बिघडलं. तीन वर्षं झाली, फेब्रुवारी आला की मैत्रिणीला, नीरजाला, घेऊन ही जॉर्जियाला निघते, गुदौरीच्या बर्फाळ डोंगरात. कुवेतचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असला की तिकडे जायला व्हिसा लागत नाही. आणखी काय हवं?

फरजानाचं म्हणणं एकच. “घसरायचंच आहे ना, तर नीट केलेल्या रस्त्यावर घसर गो.” नीट केलेला रस्ता म्हणजे यंत्र फिरवून दाबलेला, रेघारेघांचा, दोन्ही बाजूंना खांब रोवलेला उतार. फरजानाने तो व्हिडिओत पाहिला होता आणि तिला तो पसंत पडला होता. तिथे लहान पोरंही असतात, पडलं तर उचलायला माणसं असतात. अलिनाही म्हणायची, “हो अम्मी, तिथेच जाते.”

कसलं काय! जानेवारीत अलिनाची गाडी गॅरेजला होती म्हणून मुझफ्फर तिला क्लिनिकवर सोडायला निघाला होता, तेव्हा सिग्नलला ती सरळ म्हणाली, “अब्बा, मी दाबलेल्या उतारावर जात नाही. गेल्या वर्षीपण गेले नव्हते. कुंपणाबाहेर जाते, पावडरमध्ये.”

पावडर म्हणजे नुकतं पडलेलं, कुणी न तुडवलेलं बर्फ. मांडीपर्यंत, कधी छातीपर्यंत.

सिग्नल हिरवा झाला तरी मुझफ्फर निघाला नाही. मागून हॉर्नांचा गोंगाट.

“कशाला? तिकडे बरा आहे की सपाट रस्ता.”

“तिकडे पाटी खरखरते, गुडघ्यात सगळं कळतं. दिवसभर गुडघेच तर बघते मी. आणि शंभर माणसं पुढे, शंभर मागे. ते आपल्या रिंग रोडसारखंच झालं. पावडरमध्ये आवाज नसतो अब्बा. पाटी वर तरंगते. पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. कसं सांगू...” तिने हात हवेत फिरवले, मग मांडीवर ठेवले. “तुम्हाला न सांगता जाऊ शकले असते. पण सांगते आहे.”

इथेच ती जिंकली. खरं सांगणाऱ्या माणसाला परमिट नाकारलं तर पुढच्या वेळी तो न विचारता आत शिरतो, हे मुझफ्फरला सव्वीस वर्षांनी चांगलं माहीत झालं होतं. त्याने परमिट दिलं. अटी घातल्या: एकटी जायचं नाही, बर्फाखाली गेलीस तरी शोधता यावं म्हणून छातीला बीपर लावायचा, जिथून शिरशील तिथला फोटो, सोबत कोण, परत किती वाजता, सगळं लिहून पाठवायचं. शिरताना ‘आत’, आल्यावर ‘बाहेर’. अलिना हसून हसून सीटवरून घसरायची बाकी होती, पण तिने कबूल केलं.

आणि मग मुझफ्फरनेच वर म्हटलं, “अम्मीला नको सांगूया. उगाच तिच्या जिवाला घोर.”

हे तिने नाही, त्याने म्हटलं. लक्षात ठेवा.

तर त्या शुक्रवारी तो मशिदीत गेला. खुत्ब्यात इमामाने काय सांगितलं म्हणून विचाराल तर त्याला एक शब्द आठवणार नाही. सव्वाबारा वाजून गेले असतील, हे त्याला फोन न बघताही कळत होतं. नमाज संपली, सलाम फिरवून बाहेर आला, चपला सापडायच्या आधी फोन काढला. मेसेज होता. अलिनाचा नव्हता, नीरजाचा होता, बारा वीसचा.

‘अंकल, अलिनाचा फोन थंडीने बंद पडलाय. ती बाहेर आलीये, आम्ही जेवायला जातोय. डोन्ट वरी!’

अल्हमदुलिल्ला, तो म्हणाला, मोठ्याने म्हणाला. खांद्यावरचं ओझं उतरलं. बाजूच्या बकाल्यातून, किराणाच्या दुकानातून, फरजानाला आवडतं ते डाळिंबाचं सरबत घेतलं आणि घरी आला. जेवला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. फरजाना म्हणालीसुद्धा, “आज काय, उपास सोडल्यासारखे जेवताय?”

“झुबैदी छान झालीये.”

“रोज असतेच.”

मग तो सोफ्यावर लवंडला. सव्वादोनच्या सुमारास जिब्रान फुटबॉल खेळून आला, घामाने निथळत, दोन्ही हातांत बूट, मातीने भरलेले. दारातूनच ओरडला, “अम्मी, माझा टॅग काढ ना प्लीज, हात घाण आहेत.”

फरजाना उठली. मुझफ्फरचे डोळे मिटलेले होते, पण सवय ती सवय. डोळे न उघडताच तो गरजला, “ज्याचा टॅग त्यानेच काढायचा!”

“सेम थिंग, अब्बा! मी इथेच उभा आहे.”

“उभा आहेस हे कुणी सांगून चालत नाही. बाहेर आलेल्याने स्वतः...”

तो उठून बसला. फोन उघडून नीरजाचा मेसेज पुन्हा वाचला. ‘ती बाहेर आलीये.’ कुणी म्हटलं? नीरजाने. अलिनाचा आवाज? नाही. तिचा फोटो? नाही. दुसऱ्याच्या हाताने टॅग निघाला होता, आणि सव्वीस वर्षांच्या या होलवॉचने तो पाहिला, मान डोलावली नि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या! का? कारण तसं असावं असं त्याला वाटत होतं.

त्याने नीरजाला फोन लावला. पाच वेळा वाजल्यावर तिने उचलला. मागे गाणी, भांडी.

“नीरजा, अलिनाला फोन दे.”

“अंकल, ती... ती रूमवर असेल.”

“असेल की आहे?”

“म्हणजे मी इथे कॅफेत आहे. सकाळी माझा पाय दुखत होता म्हणून मी वर गेलेच नाही.”

“बारा वीसला मेसेज केलास ती बाहेर आली म्हणून. तू तिला डोळ्यांनी पाहिलंस?”

पलीकडे खुर्ची सरकली. गाणं लांब गेलं.

“नीरजा! बाळ, ओरडत नाही मी. खरं सांग. पाहिलंस?”

“नाही अंकल.” पोरगी रडायलाच लागली. “सकाळी ती म्हणाली, फोन थंडीत बंद पडतो, मग अब्बा उगाच घाबरतील, तू सव्वाबाराला त्यांना मेसेज टाक मी बाहेर आले म्हणून. काल पण असंच केलं होतं, काल ती दहा मिनिटांत आली होती. मला वाटलं आजपण...”

काल पण! म्हणजे कालचाही टॅग नीरजानेच काढला होता. मुझफ्फरला पोरीचा राग आला नाही. अशी चूक मायेपोटीच होते. बापाच्या जिवाला घोर नको म्हणून. द्वेषाने कुणी कुणाचा टॅग काढत नाही.

“ऐक. रूमवर पळ. नसेल तर तिथे बचाव पथकाची चौकी आहे, लिफ्टच्या पायथ्याशी, तिकडे जा. मी फोटो पाठवतो, कुठून शिरली त्याचा. सगळं लिहिलेलं आहे. त्यांना दाखव. अकरा दहाला शिरली, तिकडच्या घड्याळाने बारा दहा. बीपर लावलेला आहे. पळ बाळा.”

फोन ठेवला आणि वळला, तर फरजाना समोर उभी. तिच्या हातात जिब्रानचे मातीचे बूट होते, कधी घेतले तिलाच माहीत नाही.

“कुठून शिरली?” तिने विचारलं. “कुठे शिरली माझी पोर?”

आता लपवायला उरलंच काय होतं? त्याने सांगितलं. सिग्नल, पावडर, परमिट, सगळं. सांगताना आवाज शुऐबातल्या रिपोर्टसारखा कोरडा झाला, कारण ओला झाला असता तर सांगूनच झालं नसतं. फरजाना बुटांची माती नखाने खरवडत ऐकत राहिली.

सव्वादोन म्हणजे तिकडे सव्वातीन. संध्याकाळी साडेसहाला तिकडे अंधार पडतो. जिब्रानने मोबाईलवर हवामान काढलं होतं, “फॉग, अब्बा. अँड स्नो.” मग कुणी न सांगता तो जमिनीवर बसला, आईच्या पायाशी. सतरा वर्षांचा घोडा, पण तसा बसला.

दोन पस्तीसला नीरजाचा फोन. अलिना रूमवर नाही. चौकीवरच्या लोकांना फोटो दाखवला, खांब त्यांनी लगेच ओळखला. पोलिश जोडपं पायथ्याशी सापडलं. ती दोघं पुढे उतरली होती, खाली थांबली, वर धुकं आलं, अलिना दिसेना, त्यांना वाटलं वळून परत दाबलेल्या रस्त्याला लागली असेल. त्यांनाही वाटलं! सगळ्यांना वाटतच होतं. पथकाची चार माणसं निघाली होती.

“त्यांनी विचारलं हे कुणी लिहून घेतलं, अंकल. म्हणाले एवढी माहिती कुणी देत नाही. खांब कळला म्हणून अर्धा डोंगर शोधायचा वाचला.”

“ठीक. चौकीवरच थांब. हलू नको.”

मग वाट बघणं. मुझफ्फरने आयुष्यभर वाट बघण्याचा पगार घेतला होता, पण ही वाट वेगळी. टाकी समोर असली की निदान तोंडात वाकून हाक मारता येते. इथे दीड हजार किलोमीटरवर डोंगर, आणि हातात काय, तर एक फोन. अलिनाचा नंबर तो पुन्हापुन्हा लावत होता आणि रेकॉर्डवरची बाई पुन्हापुन्हा सांगत होती की फोन बंद आहे.

अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान झाली. कुणी उठलं नाही.

“यूसुफचं असंच झालं होतं ना?” फरजाना एकाएकी म्हणाली.

यूसुफ हमदुले. मुझफ्फरच्या दाभोळचा, एकाच आळीतला, एकाच वर्षी कुवेतला आलेला. चौदा वर्षांपूर्वी टाकीत गेला. संध्याकाळी चारला काम संपलं, बस हॉर्न मारत होती, फळीवर एकही टॅग नव्हता म्हणून सगळे बसमध्ये बसले. यूसुफ आतच होता, मागच्या भिंतीला टेकून बसलेला. तासाभराने आठवण आली. तोवर खलास. कुणीतरी त्याचा टॅग चुकून काढला, असं चौकशीत ठरलं. कुणी, ते कधी ठरलं नाही. फरजानाला एवढं माहीत होतं. दर सुट्टीत दाभोळला गेले की यूसुफच्या बायकोला भेटायला दोघं जायची, खजुराचा डबा घेऊन.

“फरजाना,” मुझफ्फर म्हणाला. त्याची नजर फळीवर होती. तिथे तीन नंबरचा टॅग बुधवारपासून लटकत होता. “त्या दिवशी यूसुफचा टॅग मी काढला.”

फरजानाने मान वर केली.

“बस थांबेना. एक टॅग उरला होता. कुणीतरी ओरडलं, यूसुफ मघाशीच आला बाहेर, तोंड धुवायला गेला. मी विचारलं नाही, पाहिलंस का म्हणून. मलाही घरी यायचं होतं. अलिना तापाने आजारी होती, तू फोन केला होतास. मी टॅग काढला नि फळी उचलली.” त्याचा आवाज फुटला. “चौकशीत मी म्हटलं, मला माहीत नाही. चौदा वर्षं म्हणतोय. दाभोळला जाऊन तिच्या हातचा चहा पितो आणि म्हणतो, मला माहीत नाही.”

जिब्रान बापाकडे बघतच राहिला. त्याने बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

फरजाना रडली नाही. बूट खाली ठेवले, हात ओढणीला पुसले. “आणि तरी तुम्ही आज तेच केलंत,” ती म्हणाली. हळू म्हणाली. “यूसुफच्या वेळी टाकीच्या तोंडाशी तुम्ही तरी होतात. आज माझी पोर आत होती, आणि तोंडाशी बसायचा हक्क माझा होता. मला सांगितलंच नाहीत, आत माणूस आहे म्हणून. मी मासे तळत होते. हसत होते मी!”

मुझफ्फरने मान खाली घातली.

तीन पन्नासला फोन वाजला. नीरजा. तिघंही उठून उभे राहिले.

“अंकल, सापडली! सापडली, बाहेर काढली तिला!”

जिब्रान ओरडला. मुझफ्फरने हात वर करून त्याला गप्प केलं.

“तू पाहिलंस?”

“नाही, वॉकीटॉकीवर सांगितलं त्यांनी...”

“मग नाही,” मुझफ्फर म्हणाला. “अजून नाही. तिचा आवाज ऐकव. तोवर ती आत आहे.”

फरजानाने त्याच्या हातातून फोन घेतला, मेजावर ठेवला, स्पीकर लावला आणि समोर बसली. फोन चालूच राहिला. नीरजाच्या बाजूने दार उघडल्याचे आवाज, बूट, परकी भाषा, कुणीतरी खोकलं. चार वाजले. चार दहा झाले. एक गाडी घरघरत आली. फरजानाची बोटं तसबीहच्या मण्यांवर चालल्यासारखी मेजावर चालत होती, हातात तसबीह नव्हती. नीरजा एकदम किंचाळली, आणि फोन खाली पडल्यासारखा आवाज झाला.

“नीरजा? नीरजा!”

खरखर. कुणाचा तरी श्वास. मग आवाज आला, थंडीने जाड झालेला, दात वाजणारा.

“अब्बा. बाहेर.”

फरजानाने मेजावर डोकं टेकलं आणि मग ती रडली. मोठ्याने, हमसून. चौथ्या मजल्यावरचं शेजाऱ्यांचं दार उघडलं गेलं असेल तर उघडू दे.

“अम्मी आहे तिथे?” अलिना म्हणाली. “अम्मी, सॉरी. घळीत गेले. पाटी सुटली, गुडघा वळला. कमरेपर्यंत बर्फ, हलता येईना. ओरडले तर आवाजच जात नव्हता. मला तो आवाज नसणंच आवडायचं ना, अम्मी...” पुढे तिला बोलता येईना.

“गप्प बस. काही बोलू नको,” फरजाना नाक पुसत म्हणाली. “गरम काही घे. ओले कपडे काढ आधी. कळलं?”

“अब्बा, माझा टॅग काढा आता.”

“मी नाही काढणार,” मुझफ्फर म्हणाला.

रविवारी दुपारी ती आली. कुवेत विमानतळावर जिब्रान घ्यायला गेला. मुझफ्फरने सुट्टी घेतली होती, पण तो घरीच थांबला. त्या दोन दिवसांत त्याने दाभोळला फोन लावला होता. यूसुफच्या बायकोशी चाळीस मिनिटं बोलला. काय बोलला ते फरजानाने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. ती बाई शेवटी काहीच न बोलता फोन ठेवून गेली होती, एवढं त्याने जिब्रानला सांगितलं. तिचा तो हक्कच होता.

लिफ्टचं दार वाजलं. अलिना कुबडीवर, गुडघ्याला पट्टा, नाकाचा शेंडा भाजल्यासारखा लाल. मागे जिब्रान बॅग घेऊन. फरजाना दारात उभी होती, पण मिठी मारली नाही. बाजूला झाली, फळी दिसेल अशी.

अलिनाने कुबडी काखेत दाबली, हात लांब केला आणि तीन नंबरचा टॅग खिळ्यावरून काढला. वाडग्यात टाकला. टिंग असा आवाज झाला. मग फरजानाने तिला असं आवळलं की कुबडी खाली पडली.

जेवताना कुणीच विषय काढला नाही. शेवटी फरजानाच म्हणाली, “आता पुढच्या वर्षी? नीट केलेल्या रस्त्यावर?”

अलिनाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. घास तसाच हातात. “अम्मी, खोटं नाही बोलणार. घळीत मी हजारदा म्हटलं, पुन्हा कधी नाही. पण गुडघा बरा झाला की मी पावडरमध्येच जाणार. मला माहीत आहे मी जाणार.”

आता ताट उडणार असं मुझफ्फरला वाटलं.

फरजाना उठली. ड्रॉवरमधून तिने शाळेचा मार्कर काढला. ती इंडियन स्कूलमध्ये केजीला शिकवते, रोज तीस पोरं मैदानावर नेते आणि तीसच परत आणते, चौदा वर्षांत एकही कमी नाही. ती फळीपाशी गेली. ‘मु. परकार’ वर एक आडवी रेघ मारली, आणि खाली मोठ्या, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, ‘फरजाना’.

“पुढच्या वेळी ‘आत’ मला पाठवायचं,” ती म्हणाली. “आणि ‘बाहेर’ स्वतः म्हणायचं, आवाजात. फोन बंद पडतो ना? दोन फोन न्यायचे, एक पोटाशी धरून. नीरजाने तोंड उघडायचं नाही.”

“हो अम्मी.”

मग ती नवऱ्याकडे वळली. तिने वाडग्यातून एक नंबरचा टॅग उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“हा लावा खिळ्याला.”

“मी तर घरातच आहे, फरजाना.”

“नाही,” ती म्हणाली. “चौदा वर्षं तुम्ही त्या टाकीत आहात. मला आता कळलं. लावा तुमच्या हाताने. दाभोळला जाऊन तिच्यासमोर बसून बोलून या. आल्यावर तुमच्या हाताने काढा. मी इथे बसलेय.”

मुझफ्फर उठला आणि त्याने टॅग लावला.